गोठत्या थंडीत गाडी चालते कशी?

जानेवारी महिन्यातील पहाट. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या लोणखेडा गावी एक मालमोटार पपई भरून उभी आहे. शहादा तालुक्याची पपई हिवाळ्यात पार उत्तर भारतातील बाजारांपर्यंत जाते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. चालक किल्ली फिरवतो. एंजिन नेहमीपेक्षा जरा जड आवाज करते, दोन-तीन हिसके देते आणि सुरू होते. हवेचे तापमान आहे १० अंश सें. च्या आसपास. शेकोटीभोवतीची मंडळी म्हणतात, ‘यंदा थंडी फार!’

आता कल्पना करा, की ही मालमोटार दिल्लीच्या बाजारात न थांबता तशीच पुढे निघाली. जम्मू, श्रीनगर, मग झोजी ला, त्यापलीकडे द्रास, कारगिल आणि अखेर लेह. लडाखी भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरची ही खिंड ऐन हिवाळ्यात बर्फामुळे अनेकदा बंद असते, परंतु कल्पनेच्या गाडीला ती अडवू शकत नाही. द्रासला हिवाळी रात्री पारा उणे २० ते उणे २५ अंशांपर्यंत उतरणे हे नवलाचे नाही. आपली मालमोटार तिथे रात्रभर उघड्यावर उभी राहिली, तर सकाळी ती सुरू होईल का?

बहुधा होणार नाही. आणि तिचे कारण शोधू लागलो, की एक गंमत लक्षात येते. एंजिनाच्या लोखंडाला थंडीने फारसे काही झालेले नसते. बिघडलेले असतात ते गाडीतील द्रव! प्रत्येक मोटारीत निदान चार द्रव असतात: एंजिन थंड ठेवणारे पाणी, इंधन, वंगणाचे तेल आणि बॅटरीतील आम्ल. या प्रत्येकाची सहनशक्ती वेगवेगळ्या तापमानाला संपते. अतिथंड प्रदेशात वाहन चालू ठेवणे म्हणजे मुख्यतः या चार द्रवांना सांभाळणे होय.

पाणी: वाढणारे बर्फ

सर्वांत आधी पाण्याची पाळी येते. एंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते तिचा मोठा भाग एंजिनाभोवती खेळवलेले पाणी शोषून घेते आणि रेडिएटरमध्ये हवेला देते. शून्य अंशाला हे पाणी गोठते. नुसते गोठले असते तर उन्हात वितळण्याची वाट पाहता आली असती. पण बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, तर पाणी गोठताना प्रसरण पावते. १०० घनसेंटिमीटर पाण्याचे सुमारे १०९ घनसेंटिमीटर बर्फ होते. बंद जागेत या वाढीला वाव मिळाला नाही, तर जो दाब निर्माण होतो त्यापुढे ओतीव लोखंडाच्या भिंतीही तडकतात. आपल्या सातपुड्यात तोरणमाळला किंवा अक्कलकुवा तालुक्यातील दाब परिसरात काही हिवाळ्यांत गवतावरचे दव गोठते. तेच पाणी एंजिनाच्या पोटात गोठले, तर हजारो रुपयांचा एंजिन-ठोकळा निकामी करू शकते.

पूर्वी यावर एक साधा उपाय होता. रात्री गाडी थांबली, की रेडिएटरची तोटी उघडून पाणी सोडून द्यायचे आणि सकाळी गरम पाणी भरायचे. आता पाण्यात एथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव मिसळतात. पाण्याचे रेणू गोठताना ठराविक रांगा धरून स्फटिक बनवतात. मध्येच ग्लायकॉलचे परके रेणू शिरले, की रांग मोडते आणि ती धरायला आणखी खाली उतरावे लागते.

इथे एक प्रश्न पडेल. मग पाणी न घालता सगळे ग्लायकॉलच का भरू नये? कारण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठते! पण निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली द्रवरूप राहते. ६० टक्के ग्लायकॉल असले, तर गोठणबिंदू उणे ५० अंशांच्या आसपास जातो. त्यापुढे ग्लायकॉलचे प्रमाण वाढवीत नेले, की तो पुन्हा वर चढू लागतो. दोन्ही द्रव एकमेकांना गोठू देत नाहीत, असाच हा प्रकार आहे.

हे ग्लायकॉल बहुतेक ठिकाणी खनिज तेलापासून बनवतात. परंतु उसाच्या मळीपासूनही ते बनते. मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलापासून एथिलीन, एथिलीनपासून एथिलीन ऑक्साइड आणि त्यापासून ग्लायकॉल, अशी ती साखळी आहे. उत्तराखंडातील काशीपूर येथे १९८९ पासून असे उत्पादन होत आले आहे. तेव्हा शहाद्याच्या शिवारात दिसणारा ऊस आणि द्रासच्या बर्फात न गोठणारा रेडिएटर यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने फार अंतर नाही. एक मात्र विसरू नका. हा द्रव चवीला गोड पण अत्यंत विषारी असतो. सांडलेला द्रव लहान मुले वा जनावरे चाटणार नाहीत याची काळजी घेतलीच पाहिजे.

डिझेल: इंधनातले मेण

पाणी सांभाळले, तरी टाकीतील डिझेल दगा देते. डिझेल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यात पॅराफिनाचे, म्हणजे मेणाच्या जातीचे, लांबलचक रेणू विरघळलेले असतात. तापमान उतरू लागले, की ते बारीक स्फटिकांच्या रूपात बाहेर पडतात आणि स्वच्छ डिझेल गढूळ दिसू लागते. हिवाळ्यात घरच्या खोबरेलाचे काय होते ते आठवा. आधी ते धूसर होते, मग कडेने पांढरे थर धरतात आणि शेवटी बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. डिझेलही या तीन पायऱ्या उतरते. पण गाडी तिसऱ्या पायरीपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्याच पायरीवर मेणाचे कण इंधनाच्या गाळणीत अडकतात, गाळणी तुंबते आणि टाकी भरलेली असूनही एंजिन उपाशी राहते.

म्हणूनच डिझेलला ऋतुमान असते. भारतीय मानकाप्रमाणे साधे डिझेल किती अंशांपर्यंत ओतता यायला हवे, याची मर्यादा उन्हाळ्यासाठी १५ अंश व हिवाळ्यासाठी ३ अंश आहे. लोणखेड्याला ही मर्यादा पुरेशी आहे, द्रासला नाही. लोणखेड्यात टाकी भरून निघालेला चालक तेच डिझेल घेऊन द्रासला मुक्कामाला राहिला, तर सकाळी त्याच्या टाकीत इंधनाऐवजी जेली असेल.

मग तिथले लोक काय करीत आले? कोणी डिझेलात रॉकेल मिसळी. रॉकेलाचे रेणू लहान असल्यामुळे मेण विरघळलेले राहते. परंतु रॉकेलाला डिझेलासारखा तेलकटपणा नसतो. इंधनाचा पंप डिझेलच्याच ओलाव्यावर वंगण मिळवतो, तो त्यामुळे लवकर झिजतो. कोणी टाकीखाली शेगडी किंवा जाळ ठेवी. इंधनाच्या टाकीखाली जाळ! यातला धोका वेगळा सांगायला नको.

नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल बाजारात आणले. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. अशी इंधने बनवण्याचे मार्ग दोन. एक म्हणजे मेणाचे लांब रेणू कमी करणे किंवा त्यांना फांद्या फुटतील असे बदलणे. सरळ काड्यांची मोळी चटकन बांधली जाते, वेड्यावाकड्या काट्याकुट्यांची बांधली जात नाही. फांद्या फुटलेल्या रेणूंचेही तसेच. दुसरा मार्ग म्हणजे थोडे रसायन मिसळून मेणाचे स्फटिक मोठे होऊच न देणे, म्हणजे ते गाळणीतून पार होतात.

जुन्या चालकांचा आणखी एक नियम आहे: थंड मुलखात रात्री टाकी भरलेली ठेवावी. टाकी रिकामी असेल, तर आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते, ते तळाशी जमते आणि इंधनाच्या नळीत गोठून बुचासारखे बसते.

तेल आणि बॅटरी: दुहेरी संकट

काकवी थंडीत किती सावकाश ओतली जाते, हे ऊस पिकवणाऱ्या भागातील मुलांना सांगायला नको. द्रवाच्या या दाटपणाला श्यानता म्हणतात. तापमान उतरले, की वंगणाच्या तेलाची श्यानता झपाट्याने वाढते. त्या चिकट तेलातून दट्टे वरखाली हलवायला कितीतरी अधिक जोर लागतो. शिवाय तेल पंपाने वर चढेपर्यंत धातूवर धातू कोरडाच घासला जातो.

तेलाच्या डब्यावर १५ डब्ल्यू ४० किंवा ० डब्ल्यू ४० असे आकडे असतात. ‘डब्ल्यू’ हे विंटर, म्हणजे हिवाळा, या शब्दाचे आद्याक्षर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक पातळ राहते. १५ डब्ल्यू तेलाची एंजिन फिरवण्याची कसोटी उणे २० अंशांना घेतात, तर ० डब्ल्यू तेलाची उणे ३५ अंशांना. पुढचा ४० हा आकडा एंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. थंडीत पातळ आणि तापल्यावर पुरेसे दाट, अशा दोन्ही गुणांसाठी तेलात बहुवारिकांचे लांब रेणू मिसळतात. थंडीत ते वेटोळे घालून बसतात आणि उष्णतेने पसरून तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत.

एंजिनाला जास्त जोर हवा असतो, नेमक्या त्याच वेळी बॅटरीचा जोर ओसरतो. बॅटरीतील वीज शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांच्यातील रासायनिक क्रियेतून मिळते आणि थंडीत ही क्रिया मंदावते. उणे १८ अंशांच्या सुमारास बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. मागणी दुप्पट आणि पुरवठा निम्मा, अशी ही अवस्था होते.

बॅटरी गोठते का? ते ती किती भरलेली आहे यावर अवलंबून असते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील तीव्र आम्ल उणे ६० अंशांच्या आसपास गोठते. पण बॅटरी उतरते तसे आम्ल पट्ट्यांत शोषले जाते व मागे बरेचसे पाणीच उरते. असा पातळ द्रव उणे १० अंशांच्या आधीच गोठू शकतो आणि बॅटरीचे कवच फोडतो. म्हणून लडाखमध्ये रात्री दिवा चालू राहिला, तर प्रश्न केवळ सकाळी धक्का मारण्याचा नसतो.

ठिणगी नसलेले एंजिन

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेट घेतो. सायकलच्या पंपाचे तोंड हवा भरताना गरम होते, ते याच कारणाने. थोडे गणित करून पाहू. हवा सतराव्या हिश्शापर्यंत दाबली आणि उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असे मानले, तर तिचे निरपेक्ष तापमान सुमारे ३.१ पट होते. लोणखेड्याची ३० अंशांची, म्हणजे ३०३ केल्व्हिनची, हवा सुमारे ९४० केल्व्हिन म्हणजे ६६७ अंश सें. पर्यंत तापेल. उणे ३० अंशांची, म्हणजे २४३ केल्व्हिनची, हवा ७५३ केल्व्हिन म्हणजे ४८० अंशांपर्यंतच पोचेल. सुरुवातीचा ६० अंशांचा फरक शेवटी १८० अंशांहून मोठा झाला! प्रत्यक्षात थंडगार सिलिंडर आणखी उष्णता ओढून घेतो आणि एंजिन सावकाश फिरत असल्यामुळे त्याला तशी सवडही मिळते. त्यात लेहसारख्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. म्हणून किल्ली फिरवण्यापूर्वी विजेवर लालबुंद होणाऱ्या लहान तापनकांड्या सिलिंडरात बसवलेल्या असतात.

गाडीला ऊब देणारे लोक

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे एंजिन थंड होऊच न देणे. कॅनडातील एडमंटन, विनिपेग अशा शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या पाहुण्यांना तिथल्या मोटारींच्या नाकाखालून लोंबणारी विजेची तार पाहून नवल वाटते. रात्री ती घरातल्या खटक्याला जोडतात. तिच्या टोकाशी एंजिनाच्या पाण्यात बुडालेली छोटी विद्युत शेगडी असते, आपल्या पाणी तापवण्याच्या कांडीसारखी. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यातील अँड्रू फ्रीमन यांनी अशा एका तापकाचे पेटंट १९४९ मध्ये मिळवले. सायबेरियातील याकुत्स्क येथे तर जानेवारीचे सरासरी तापमानच उणे ३८ अंशांच्या आसपास असते. तिथे गाडी उबदार गॅरेजात ठेवतात, रजई पांघरतात किंवा एंजिन चालूच ठेवतात. उणे ३९ अंशांना तापमापीतील पारा स्वतःच गोठतो, म्हणून तिथे पाऱ्याऐवजी अल्कोहोलाची तापमापी वापरावी लागते! एंजिन चालू ठेवताना मात्र बंद गॅरेजाचे दार उघडे असलेच पाहिजे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच मारतो.

आपल्या देशाने याहून कठीण परीक्षाही दिली आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरच्या डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया. १९८९ पासून चालू असलेले मैत्री केंद्र बर्फकड्याच्या काठापासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे. वर्षभराचे इंधन व अन्न तिथे रुंद पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फगाड्यांनी घसरगाड्या ओढत न्यावे लागते. पट्टा रुंद असला, की तेच वजन मोठ्या क्षेत्रफळावर वाटले जाते, दाब कमी होतो आणि गाडी बर्फात रुतत नाही. या मोहिमांची आखणी आज वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. वाटेत बंद पडलेली गाडी म्हणजे तिथे केवळ खोळंबा नव्हे. जवळपास दुसरे छप्पर नसते, त्यामुळे ती माणसांच्या जिवाशी गाठ असते.

लडाखचेही तसेच आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय लष्कराने बर्फ पडत असताना झोजी ला येथे रणगाडे चढवले आणि लेहचा मार्ग मोकळा करण्याचा रस्ता सापडला. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील अशी शत्रूची कल्पनाच नव्हती. आजही दूरच्या चौकीवरील जवानाचे अन्न आणि खेड्यातील रुग्णाचा दवाखान्यापर्यंतचा प्रवास हिवाळी पहाटे एखादे एंजिन सुरू होते की नाही, यावर ठरतो.

विजेवरच्या मोटारींना डिझेल, तेल यांची चिंता नाही. परंतु त्यांच्या लिथियम बॅटरीतही द्रव आहेच. थंडीत त्यातून लिथियमचे आयन सावकाश सरकतात. शून्याखाली घाईने वीज भरली, तर आत न शिरलेले लिथियम पट्टीवर धातूच्या रूपात साचते आणि बॅटरी खराब होते. म्हणून अशा मोटारी आधी बॅटरी ऊबदार करतात, मग भरतात. त्यात वीज खर्ची पडते आणि एका भरणीत होणारा प्रवास कमी होतो. द्रवांना सांभाळण्याचा नियम इथेही चुकलेला नाही.

करून पाहा

हे सारे पाहायला लडाखला जाण्याची गरज नाही. शाळेत किंवा घरी थंडपेटी असली, की पुरे.

१) प्लास्टिकच्या तीन लहान बाटल्या पाऊणच भरा: एकीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे, तिसरीत साखरेचे. काचेची बाटली घेऊ नका, का ते तुम्हाला कळले आहे. बर्फाच्या कप्प्यात ठेवून दर अर्ध्या तासाने पाहा. कोणते पाणी आधी गोठते? पाण्याची पातळी कुठे होती आणि बर्फाची कुठे आली, यावर खूण करा.

२) एका वाटीत खोबरेल, दुसरीत शेंगदाण्याचे तेल, तिसरीत दोन्ही निम्मे-निम्मे घ्या. तिन्ही थंडपेटीत ठेवा. आधी गढूळ कोणते होते? डिझेलात रॉकेल का मिसळत, याचे उत्तर तिसऱ्या वाटीत आहे.

३) डब्याच्या तळाला खिळ्याने एक छिद्र पाडा. त्यातून वाटीभर काकवी पडायला किती सेकंद लागतात ते मोजा: एकदा पहाटे, एकदा दुपारी. दोन्ही वेळचे तापमान शेजारी लिहा. असे आठ दिवस केले, की श्यानता व तापमान यांचा आलेख तुमच्या वहीत तयार होईल.